महिनाभर पुरणारं गणित

1 जानेवारी 1894 रोजी हंगेरीतल्या ग्योर शहरातून एक नवं मासिक निघालं. बुडापेस्ट आणि व्हिएन्नाच्या मधोमध वसलेल्या या शहरात डानिएल ऑरन्य नावाचे शिक्षक माध्यमिक शाळेत गणित शिकवत. मासिक त्यांनीच काढलं, संपादनही त्यांचंच. माध्यमिक शाळांसाठी गणिताचं मासिक एवढंच त्याचं साधं नाव होतं; पुढे नावाची आद्याक्षरं जोडून सगळे त्याला ‘क्यॉमल’ म्हणू लागले. शिक्षकांना आणि मुलांना क्रमिक पुस्तकाबाहेरची भरपूर गणितं मिळावीत, हा ऑरन्य यांचा हेतू होता.

मासिकाची पद्धत सोपी होती. दर अंकात काही गणितं छापायची. मुलांनी ती घरी बसून सोडवायची आणि उत्तरं टपालानं पाठवायची. नंतरच्या एखाद्या अंकात त्यांतली सर्वांत सुबक उत्तरं छापून येत, खाली सोडवणाऱ्याचं नाव, गाव आणि शाळा. ज्यांची उत्तरं बरोबर आली पण छापली गेली नाहीत, त्यांचीही नावं येत.

गाबोर सेगो हा या मासिकाचा असाच एक वाचक. सोल्नोक या लहान शहरात तो शिकत होता. पुढे स्टॅनफर्डला गणिताचा विभागप्रमुख झाल्यावरही त्याला ते दिवस आठवत असत. अंक केव्हा येतो याची तो वाट पाहत असे, आला की सगळ्यांत आधी गणितांचं पान उघडत असे आणि लगेच झटापट सुरू. स्पर्धेतल्या इतर मुलांना तो कधी भेटला नव्हता, पण त्यांची नावं त्याला पाठ झाली होती. आपल्याला न सुटलेलं गणित दुसऱ्याच कुणाला सुटलं, किंवा आपण पानभर खरडलेलं कुणी चार ओळींत उरकलं, की त्याला हेवा वाटे, हेही त्यानं मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे.

त्या काळच्या हंगेरीत जे घडलं त्याचं मर्म या हेव्यात आहे. शाळेत गणितात पहिला येणारा मुलगा प्रत्येक गावात असतो. तो वर्गात एकटा असतो, आणि त्याच्यापेक्षा पुढचं कुणी त्याला दिसत नाही. क्यॉमलनं अशा एकट्या मुलांची एकमेकांशी छापील ओळख करून दिली. शिवाय त्यांना वेळ दिला. तास संपल्याची घंटा इथे नव्हती. एकेक गणित महिनाभर डोक्यात घोळवायची मुभा होती.

ऑरन्य यांच्यानंतर दोन-तीन वर्षांतच संपादनाची धुरा लास्लो रात्स यांच्याकडे आली आणि 1914 सालच्या महायुद्धापर्यंत त्यांनी ती वाहिली. रात्स बुडापेस्टमधल्या फाशोर भागातल्या लुथेरन शाळेत शिकवत. पेच शहरातल्या लिपोट वाइस नावाच्या मुलाची उत्तरं त्यांच्याकडे नियमानं येऊ लागली, आणि वाइसनं पुन्हा एक सुंदर उत्तर पाठवलंय, असं ते आपल्या वर्गात सांगू लागले. पेच दूर दक्षिणेला. राजधानीतल्या मुलांनी या लिपोटला पाहिलंही नव्हतं. त्यानं पुढे आडनाव बदललं. गणिताच्या इतिहासात तो लिपोट फेयेर म्हणून ओळखला जातो. 1900 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यानं फूरिए श्रेणींविषयीचं जे प्रमेय मांडलं ते आजही त्याच्या नावानं शिकवलं जातं.

मासिक निघालं त्याच वर्षी स्पर्धाही सुरू झाली, आणि तिचं निमित्त राजकीय होतं. गुरुत्वाकर्षणाची अतिसूक्ष्म मोजमापं करणारे भौतिकशास्त्रज्ञ लोरांड एट्वॉश हे हंगेरीच्या गणित-भौतिकी मंडळाचे अध्यक्ष. जून 1894 मध्ये ते देशाचे शिक्षणमंत्री झाले. त्यांचे वडील योझेफ एट्वॉश यांनीही हे खातं सांभाळलं होतं, आणि 1868 चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच काळातला. अध्यक्षांचा गौरव करायचा म्हणून मंडळानं शालेय शिक्षण नुकतंच संपवलेल्या मुलांसाठी दरवर्षी गणिताची स्पर्धा घ्यायचं ठरवलं. मंत्रिपद सहा-सात महिन्यांत संपलं. स्पर्धा मात्र टिकली, आणि शाळकरी मुलांच्या आधुनिक गणित स्पर्धांची ती पूर्वज ठरली.

प्रश्नपत्रिकेत प्रश्न फक्त तीन. वेळ चार तास. शिवाय हवी ती पुस्तकं आणि वह्या सोबत नेता येत. पुस्तकांची मुभा देणं सोपं होतं, कारण पुस्तकात शोधून सापडेल असं काही विचारलेलंच नसे.

1894 च्या पहिल्या स्पर्धेतला पहिला प्रश्न असा होता: x आणि y पूर्णांक असतील, तर 2x + 3y ला 17 ने निःशेष भाग जातो तेव्हा 9x + 5y लाही जातो, आणि उलटही खरं असतं, हे सिद्ध करा. आठवी-नववीच्या मुलाला कळेल अशा भाषेतला हा प्रश्न. सूत्र आठवून मात्र तो सुटत नाही. संख्या घालून पाहाव्यात, x = 7 आणि y = 1 घेतल्यावर 17 आणि 68 येतात हे पाहावं, दोन राशींत काही नातं असणार असा संशय यावा, आणि मग सुचावं की पहिल्या राशीची चौपट करून तीत दुसरी मिळवली तर 17x + 17y येतात. या बेरजेला 17 ने भाग जाणारच. मग एका राशीला भाग गेला की दुसरीला, किंवा निदान तिच्या चौपटीला, जावाच लागतो. 4 आणि 17 यांच्यात सामाईक अवयव नसल्यानं चौपटीची अडचण उरत नाही. संपलं. उत्तर एका ओळीचं, पण ती ओळ सापडेपर्यंत तास गेला तरी नवल नाही.

तिसऱ्या प्रश्नात त्रिकोणाच्या बाजू अंकगणिती श्रेढीत होत्या. त्यांच्यातला फरक आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ देऊन बाजू आणि कोन विचारले होते. फरक 1 आणि क्षेत्रफळ 6 असेल तर काय, असं शेवटी विचारलेलं. उत्तरात आपला जुना 3, 4, 5 चा त्रिकोण हाती येतो. अवघड वाट चालून ओळखीच्या दारात पोचवण्याची ही खुबी त्या प्रश्नकर्त्यांजवळ होती.

याच काळात जगातली सर्वांत प्रतिष्ठेची गणित परीक्षा होती केंब्रिजची ट्रायपॉस. 1899 साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिच्यात पहिल्या क्रमांकानं उत्तीर्ण होऊन सिनियर रँग्लर झाले, आणि फर्ग्युसनचे हे ‘रँग्लर परांजपे’ महाराष्ट्रात घराघरांत पोचले. परांजप्यांचं कर्तृत्व मोठंच. पण त्या परीक्षेचा साचा वेगळा होता. दिवसामागून दिवस चालणारे पेपर, वेगाला असलेलं महत्त्व, खास शिकवणी लावून केलेली वर्षानुवर्षांची घोकंपट्टी. जी. एच. हार्डी यांच्यासारखे केंब्रिजचेच गणिती तिच्यावर तुटून पडले, आणि 1909 नंतर क्रमवारीनं निकाल लावणं विद्यापीठानं बंद केलं. हंगेरीच्या स्पर्धेनं वेग मोजलाच नाही. तिनं सुचण्याला महत्त्व दिलं, आणि ही निवड तिच्या पहिल्याच प्रश्नपत्रिकेत झालेली दिसते.

विजेत्यांची यादी आज वाचली तर थक्क व्हायला होतं. 1897 ला दुसरा आला तो पेचचा लिपोट. 1898 ला थिओडोर फॉन कार्मान, विमानविद्येतला विसाव्या शतकातला अग्रणी. 1902 ला डेनेश क्यॉनिग, 1903 ला आल्फ्रेड हार, 1904 ला मार्सेल रीस. हार हा रात्स यांच्याच शाळेतला, तर रीस मूळचा ग्योरचा, जिथून मासिक निघालं तिथला. 1912 ला सोल्नोकचा सेगो. 1925 ला विजेत्यांत एडवर्ड टेलर आणि लास्लो टिसा होते.

या यादीवरून स्पर्धेलाच सगळं श्रेय देण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. जॉर्ज पोल्या या स्पर्धेला बसला आणि उत्तरपत्रिका न देताच बाहेर आला. ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ हे जगभर वाचलं गेलेलं पुस्तक पुढे त्याच्याच हातून झालं. इतक्या लहान देशात इतके गणिती कसे निपजले, या प्रश्नाचं पोल्यानं दिलेलं उत्तर विचार करण्यासारखं आहे. गणित हे सगळ्यांत स्वस्त शास्त्र, त्याला प्रयोगशाळा लागत नाही, हे त्यानं सांगितलंच. पण खास कारणं तीन दिली: मासिक, स्पर्धा आणि फेयेर. फेयेर बुडापेस्टला प्राध्यापक झाले आणि मुलं त्यांच्याभोवती जमू लागली. ज्याला मासिकानं घडवलं तोच पुढच्या पिढीचा गुरू झाला. स्पर्धा वर्षातून एका दुपारी होई. मासिक मात्र वर्षभर सुरू असे, आणि जो स्पर्धेत कधीच जिंकणार नव्हता त्याच्याही घरी येत असे.

डेनेश क्यॉनिगबद्दल जरा थांबून सांगायला हवं. त्याचे वडील ग्युला क्यॉनिग हे बुडापेस्टचे नामवंत गणिती. डेनेशनं ज्या वर्षी स्पर्धा जिंकली त्याच 1902 साली त्याचं गणिती करमणुकींवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. दुसरा भाग 1905 ला आला. कोड्यांमध्ये रमलेल्या या तरुणाला ज्या प्रश्नांनी पकडून ठेवलं ते असे: एकाही पुलावरून दोनदा न जाता सगळे पूल ओलांडता येतील का, नकाशातल्या शेजारी प्रदेशांना वेगळे रंग द्यायचे तर किती रंग लागतील. त्या काळी अशा प्रश्नांना पोरखेळ मानणारे पुष्कळ होते. क्यॉनिगनं तो खेळ सोडला नाही. 1936 साली त्याचं जर्मन भाषेतलं पुस्तक लाइप्झिगहून निघालं, आणि ग्राफ थिअरी या शाखेचं जगातलं ते पहिलं पाठ्यपुस्तक ठरलं. आज इंटरनेटवरचे मार्ग आखण्यापासून परीक्षांची वेळापत्रकं बसवण्यापर्यंत ही शाखा वापरली जाते. तिची मुळं एका विद्यार्थ्याच्या कोड्यांच्या पुस्तकापर्यंत जाऊन पोचतात.

रात्स यांच्या शाळेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दोन मुलं एका वर्षाच्या अंतरानं शिकत होती: युजीन विग्नर आणि जॉन फॉन नॉयमन. धाकट्याची कुवत आपल्या आवाक्यापलीकडची आहे, हे रात्स यांनी लगेच ओळखलं. त्यांनी त्याच्या वडिलांना भेटून विद्यापीठातल्या गणित्यांकडून त्याच्या शिकवणीची व्यवस्था लावली, आणि शिकवायला आला तो सेगो, स्वतः तेव्हा विशीत असलेला. विग्नर यांना 1963 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रिन्स्टनच्या त्यांच्या खोलीत रात्स यांची तसबीर होती.

पहिल्या महायुद्धानं मासिक बंद पाडलं. 1919 ते 1921 अशी तीन वर्षं स्पर्धाही झाली नाही. युद्ध हरलेल्या हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला, क्रांती आणि प्रतिक्रांती झाल्या, आणि 1920 साली विद्यापीठांतल्या ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण सुमारे 6 टक्क्यांवर रोखणारा कायदा आला. मासिकाच्या जुन्या सोडवणाऱ्यांत ज्यू घरांतली मुलं कितीतरी होती. अनेकांनी शिकण्यासाठी जर्मनी गाठली.

1925 ला आंडोर फारागो यांनी मासिक पुन्हा सुरू केलं. आता वर्षाच्या शेवटी सर्वांत जास्त गणितं सोडवणाऱ्यांची छायाचित्रंही छापली जाऊ लागली. त्यांतला एक चेहरा पॉल एर्दोशचा. त्याच्या पिढीतले पाल तुरान, टिबोर गालाई, ज्यॉर्ज सेकेरेश आणि एस्तर क्लाइन हेही क्यॉमलच्याच पानांवर वाढलेले. विद्यापीठाच्या वयात ही मंडळी प्रत्यक्ष भेटली, तेव्हा बरेच जण एकमेकांना नावानं आधीपासून ओळखत होते. बुडापेस्टच्या सिटी पार्कमध्ये मध्ययुगातल्या एका अनामिक इतिहासकाराचा पुतळा आहे. त्याच्या भोवतालच्या बाकांवर त्यांची बैठक भरे. गणित चाले, राजकारण चाले, फिरायला जाणं होई. सेकेरेश रसायन अभियांत्रिकी शिकलेला. गणित त्याचा पेशा नव्हता.

1933 च्या सुमारास क्लाइननं या बैठकीत एक कोडं मांडलं. कागदावर पाच बिंदू घ्या, कोणतेही तीन एका रेषेत नसलेले. त्यांतले चार बिंदू निवडून बहिर्वक्र चौकोन, म्हणजे कुठेही आत न दबलेला चौकोन, नेहमी काढता येईल का? सिद्धता तिच्याजवळ तयार होती. पाचही बिंदूंना बाहेरून दोरा गुंडाळला असं समजा. दोऱ्याला चार किंवा पाच बिंदू टेकले तर चौकोन समोरच आहे. तीनच टेकले, तर दोन बिंदू त्रिकोणाच्या आत राहतात. त्या दोघांतून जाणारी रेषा काढली की त्रिकोणाचे दोन शिरोबिंदू तिच्या एकाच बाजूला येतात. ते दोन आणि आतले दोन मिळून चौकोन झाला.

मग पंचकोनासाठी किती बिंदू लागतील? नऊ पुरतात, हे मंडळातल्या आणखी एकानं दाखवलं. षट्‌कोनासाठी? कितीही बाजूंसाठी? कितीही बाजू मागा, पुरेसे बिंदू घेतले की तशी आकृती सापडतेच, हे सेकेरेशनं सिद्ध केलं आणि 1935 साली एर्दोश आणि सेकेरेश यांचा लेख प्रसिद्ध झाला. 1937 ला क्लाइन आणि सेकेरेश यांचं लग्न झालं. एर्दोशनं या कोड्याचं नावच ‘हॅपी एंडिंग प्रॉब्लेम’ ठेवून दिलं.

बाकीच्यांच्या वाट्याला तसं सुख आलं नाही. 1938 पासून ज्यूंविरुद्धचे कायदे कडक होत गेले. एर्दोश देशाबाहेर होता. 1939 ला मासिक पुन्हा बंद पडलं. सप्टेंबर 1940 मध्ये तुरानला वेठबिगारीच्या छावणीत जावं लागलं आणि ट्रान्सिल्व्हेनियात रेल्वेच्या कामावर त्याला ओंडके वाहायला लावलं. तिथल्या एका अधिकाऱ्यानं त्याचं नाव ऐकलं. हा अधिकारी तरुणपणी गणिताच्या स्पर्धेत उतरलेला होता, आणि छापखान्यात मुद्रितं तपासताना तुरानचं लिखाण त्याच्या नजरेखालून गेलं होतं. सुटका करणं त्याच्या हातात नव्हतं. त्यानं तुरानला लाकडाच्या वखारीत नेमलं, आलेल्या टोळ्यांना हव्या त्या जाडीचे ओंडके कुठे आहेत ते दाखवायला. कागद-पेन्सिलीवाचून, दिवसभर वखारीत फिरता फिरता, तुरानला आज त्याच्या नावानं ओळखलं जाणारं ग्राफ थिअरीतलं प्रमेय सुचलं. माणूस ओळखण्याची जी सवय त्या मासिकांनी आणि स्पर्धांनी एका देशाला लावली होती, ती छावणीच्या कुंपणाआतही कुणाच्या तरी कामी आली, हे या साऱ्या इतिहासातलं सगळ्यांत हलवून टाकणारं पान आहे.

डेनेश क्यॉनिग वाचला नाही. छळ होत असलेल्या गणित्यांना तो मदत करत राहिला. ऑक्टोबर 1944 मध्ये नाझींच्या पाठिंब्यानं अ‍ॅरो क्रॉस पक्षानं सत्ता बळकावली, आणि चारच दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, क्यॉनिगनं जीवन संपवलं.

युद्ध संपल्यावर, 1947 ला, यानोश शुरान्यी यांनी मासिक तिसऱ्यांदा उभं केलं. 1949 पासून स्पर्धेला योझेफ क्युर्शाक यांचं नाव मिळालं. त्यांनी 1929 साली तोवरचे सगळे प्रश्न उत्तरांसह पुस्तकात आणले होते, आणि एकेक प्रश्नाच्या मागे दडलेलं गणित उलगडून दाखवलं होतं. 1963 ला त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि मग ते प्रश्न जगभरच्या मुलांचे झाले.

एर्दोश आता जगभर फिरत असे, पण हुशार मूल कुठे आहे याचा शोध त्यानं कधी थांबवला नाही. 1959 च्या उन्हाळ्यात तो बुडापेस्टला आला असताना बाराही पूर्ण न झालेल्या लायोश पोशाला त्याच्याकडे जेवायला आणलं. सूप पुढ्यात असतानाच एर्दोशनं विचारलं: 1 पासून 2n पर्यंतच्या संख्यांतून n + 1 संख्या उचलल्या, तर त्यांत दोन सहमूळ संख्या असतातच, हे का? एर्दोशला स्वतःला याची साधी सिद्धता सापडायला काही मिनिटं लागली होती. पोशा सूप पीत राहिला आणि अर्ध्या मिनिटानं म्हणाला, त्यांत लागोपाठच्या दोन असणार. खरंच तेवढंच होतं. लागोपाठच्या संख्यांना 1 सोडून सामाईक विभाजक नसतो. पोशा पुढे गणिती झाला, पण त्याचं मोठं काम शिकवण्याचं. 1988 पासून तो मुलांची शनिवार-रविवारची गणित शिबिरं घेऊ लागला. त्याच्याच शाळेतला लास्लो लोवास 1964 पासून ओळीनं तीन वर्षं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचं सुवर्णपदक मिळवत गेला. 2021 चं आबेल पारितोषिक त्याला विभागून मिळालं.

ही ऑलिंपियाड स्पर्धाही 1959 चीच. रुमानियात झालेल्या पहिल्या स्पर्धेत सात देश होते, हंगेरी दुसरी आली. तिकडे अमेरिकेत सेगो आणि पोल्या यांनी 1946 पासूनच शाळकरी मुलांसाठी स्टॅनफर्डची गणित स्पर्धा चालवली होती, उघड उघड बुडापेस्टच्या वळणाची. भारताचा संघ 1989 पासून ऑलिंपियाडला जाऊ लागला. 1996 ला यजमानपद मुंबईकडे आलं, तेव्हा 75 देशांची मुलं आली होती. रुमानिया पहिला, अमेरिका दुसरी, हंगेरी तिसरी.

सेकेरेश दांपत्य नाझींच्या तावडीतून सुटून शांघायला पोचलं आणि 1948 ला ऑस्ट्रेलियाला. पुढे सिडनीत दोघंही शाळकरी मुलांच्या गणितात रमले. ज्यॉर्ज स्पर्धेसाठी प्रश्न काढत, एस्तर मुलांना आठवड्याला जमवून त्यांच्याबरोबर गणितं सोडवत. 28 ऑगस्ट 2005 रोजी दोघंही तासाभराच्या अंतरानं गेले. षट्‌कोनासाठी 17 बिंदू पुरतात, हे ज्यॉर्ज यांनी एका सहकाऱ्याबरोबर संगणकाच्या मदतीनं सिद्ध केलं होतं. तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर, 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. सप्तकोनासाठी 33 पुरावेत असा अंदाज आहे. सिद्धता अजून कुणाला सापडलेली नाही.